प्रस्तावना सगळ्यात शेवटी छापतात

१० जानेवारी

रागावून गेलेल्या बायकोस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागद काळे करतोय. काल तुझ्या धाकट्या बहिणीने उचलला आणि म्हणाली, "भावजी, ताई म्हणते, काय सांगायचं ते लिहून कळवा. लिहिताना माणसाला ओरडता येत नाही." ठीक आहे. बाइंडरच्या घरात कागदाला तोटा नाही. तोटा आहे तो ऐकणाऱ्या माणसाचा, म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझी अट. "छातीची तपासणी करून घ्या, मगच मी या घरात पाऊल टाकीन," असं तू दारात बॅग घेऊन, शेजारपाजारी नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस. मी विसरलो नाही. शेजारीही विसरलेले नाहीत, रोज विचारतात. पण कोपऱ्यावरचे डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? मशीनने काढलेला हृदयाचा आलेख त्यांना आवडला नाही, तेव्हा मोठ्या दवाखान्यात जाऊन मनगटातून नळी घालून आत काय आहे ते बघून घ्या. आता मला सांग, त्यांना आलेख आवडला नाही म्हणून मी नळी घालून घ्यायची? उद्या त्यांना माझं नाक आवडलं नाही तर?

आणि त्या दिवशी मी जिन्यात बसलो होतो तो दम लागला म्हणून नव्हे. चपलेचा पट्टा सैल झाला होता, तो बघत होतो. बराच वेळ बघत होतो हे कबूल. पट्टा बराच सैल होता.

आता खरी बातमी. छापखान्यातून नवं काम आलंय, आणि काम कसलं, तर हृदयावरचं पुस्तक! कुणी नावाजलेल्या हृदयतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी तुमच्याआमच्यासारख्यांना कळेल अशा भाषेत लिहिलंय. म्हणजे तू मला दवाखान्यात पाठवायला निघालीस आणि दवाखानाच हातगाडीवर बसून माझ्या दारात आला.

(हे पत्र साडू वाचणार याची मला खात्री आहे, म्हणून खास त्यांच्यासाठी: पुस्तक आमच्याकडे पुस्तक म्हणून येत नाही. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. जसजसे फर्मे छापून होतात तसतसे ते माझ्याकडे येतात. मग आम्ही घड्या घालतो, फर्मे ओळीने लावतो, शिवतो आणि वर पुठ्ठा चढवतो. या पुस्तकाचे सध्या पहिले पाच आलेत.)

इतकी वर्षं पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. स्वयंपाकी कुठे पोटभर जेवतो? पण या वेळी घडी घालता घालता नजर गेली आणि हातातली घडी दाबायची पट्टी हातातच राहिली. बाई लिहितात, "माणसाला जन्मतःच ठोके मोजून मिळालेले असतात. जिने चढून, धावपळ करून जो ते उधळतो तो लवकर संपतो." त्या लिहितात, "सडपातळ माणसाला हृदयाचं दुखणं होत नाही." माझ्याकडे बघ. म्हणजे इथे असतीस तर बघितलं असतंस. आणि हे तर मी आपल्या शिवणाच्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवलं: "छातीत जड वाटलं की समजावं, गॅस धरलाय. मोठा ढेकर द्यावा आणि मोकळं व्हावं."

आता बोल. कोपऱ्यावरचे डॉक्टर मोठे की पुस्तक लिहिणाऱ्या बाई? हाताच्या काकणाला आरसा कशाला! तेव्हा अट पूर्ण झाली असं समजून परत ये. भात मला लावता येतो, पण तो पातेलं सोडायला तयार होत नाही.

तुझा,
सडपातळ नवरा

१८ जानेवारी

एका शब्दाची पत्रं लिहिणाऱ्या बायकोस,

तुझं कार्ड पोचलं. "तपासणी?" एवढंच. पण प्रश्नचिन्ह असं दाबून काढलंयस की कार्डाच्या पाठीवर उमटलंय. पोस्टमनने कार्ड देताना माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

तपासणीची गरजच उरलेली नाही, कारण मी आता पुस्तकाबरहुकूम जगतोय. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी कच्चा लसूण. लसणाने रक्ताच्या नळ्या आतून धुऊन निघतात असं तिसऱ्या फर्म्यात आहे. माझ्या नळ्यांचं अजून कळलं नाही, पण कारखान्यातली गर्दी मात्र धुऊन निघाली. छापखान्याचा माणूस येतो तेव्हा तासभर ठाण मांडून बसतो, माहीत आहे ना तुला? परवा दारातूनच गठ्ठा सरकवून पळाला.

दुसरं म्हणजे, माझं टेबल मी माळ्यावरून खाली आणलं. जिना बंद म्हणजे बंद. वर काय चाललंय ते खालून ओरडून विचारतो. आपल्या शिवणाच्या ताई वरून म्हणाल्या, "मालक, तुम्ही वर होता तेव्हा काम व्हायचं. आता खाली बसता, तर लवकर होतं." या बाईला मी कामावर ठेवलंय की तिने मला, हे मला अजून समजलेलं नाही. टेबल खाली आणायलाही तिनेच हात दिला. मी एका बाजूने धरलं होतं, पण मध्येच मला ढेकर द्यावासा वाटला म्हणून सोडलं. ढेकर आला नाही. मग मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून त्याची वाट बघितली, आणि बसल्यावर बरं वाटलं. म्हणजे गॅसच होता. पुस्तक खोटं सांगत नाही.

तिसरी गोष्ट वाचून उडू नकोस. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी थांबवल्या. पाचव्या फर्म्यात स्वच्छ लिहिलंय: "बरं वाटू लागलं की गोळ्या बंद कराव्यात, नाहीतर शरीराला त्यांची सवय लागते." आणि मला बरं वाटतंय. कालच वाटलं होतं, दुपारी थोडा वेळ.

साडूंना माझा नमस्कार सांग. त्यांचं पोट सुटत चाललंय आणि आमच्या बाई म्हणतात की दुखणी जाडांनाच होतात. त्यांनाही लसूण सुरू करायला सांग. रिकाम्या पोटी, आणि चावून. गिळायचा नाही.

तुझा,
धुतलेल्या नळ्यांचा

२७ जानेवारी

अगं, अगं, अगं,

एका शब्दावरून एकदम चार पानं! पाकीट हातात घेतलं तेव्हाच ते गरम लागलं. गोळ्यांबद्दल तू जे लिहिलंस ते मी ताईंना दाखवणार होतो, पण दुसऱ्याच ओळीत तू मला ज्या प्राण्याची उपमा दिलीस त्यानंतर कामगारांत माझा मान राहिला नसता. पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

आधी साडूंची माफी. मला काय ठाऊक की ते लसणाची एक कुडी न खाता अख्खा गड्डा खातील! मी "रिकाम्या पोटी" लिहिलं होतं, "पोट रिकामं होईपर्यंत" असं लिहिलं नव्हतं. तू लिहितेस की त्यांचं अंथरूण गॅलरीत गेलंय आणि कचेरीत त्यांच्या खिडकीसमोर आता कुणी रांगच लावत नाही. माझ्याकडून त्यांना एवढंच सांग की बाकीचे रोखपाल रांगेने हैराण असतात. पण तुझ्या बहिणीने माझ्या पत्राला फडताळात कुलूप लावून ठेवलं, हे काही मला रुचलं नाही. एवढं ज्ञान असं कोंडून ठेवतात का?

आता गोळ्या. तू म्हणतेस, "तुम्ही मेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." याला मी काय उत्तर देऊ? आत्ता तरी कुठे बोलतेस? तुझी ही धमकी वाचून मी हसलो आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

पण तब्येत उत्तम आहे. काल कागद बघायला बाजारात गेलो होतो. परतताना बस सुटत होती. पूर्वीचा मी असतो तर धावलो असतो. काल धावलो नाही. म्हणजे चार पावलं धावलो आणि मग पुस्तक आठवलं, म्हणून थांब्याच्या कट्ट्यावर बसलो. तिथे फुलं विकणारी एक म्हातारी बसते. मी काही मागितलं नव्हतं, तरी तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्या शर्टाची वरची दोन बटणं सोडली. मला म्हणाली, "दादा, घरी कुणी आहे का?" मी म्हटलं, आहे, बाहेरगावी गेलीय. डावा हात जरा भरून आला होता, कारण पिशवी डाव्या हातात होती. पिशवी तशी रिकामीच होती, पण सवय असते एकेका हाताला.

दुसरी बस आली तेव्हा त्या म्हातारीने कंडक्टरला ओरडून सांगितलं की या दादांना बसायला जागा द्या. भर बसमध्ये! एका कॉलेजातल्या मुलीने उठून जागा दिली. मला इतकी लाज वाटली, पण बसलो.

पुस्तकाचे पुढचे फर्मे छापखान्यात अडकलेत, मशीन बिघडलंय म्हणे. आले की त्यात काय नवं आहे ते कळवीन. तोवर तू राग आवर. राग हृदयाला वाईट, हे मात्र मी माझ्या मनाने सांगतोय.

तुझा,
बसलेला

४ फेब्रुवारी

प्रिय बायको,

आज मस्करी करायला जीभ उचलत नाही, तरी जे झालं ते सांगितलंच पाहिजे. आणि ते सांगायचं म्हणजे मस्करीच होणार, माझा इलाज नाही.

आज सकाळी लेखिकाबाई आपल्या कारखान्यात आल्या. खुद्द! पुस्तकाची वेष्टनं छापून झाली होती, ती बघायला छापखान्यात गेल्या होत्या. तिथून बांधणी बघायला इकडे. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि आल्या आल्या माळ्याचा जिना असा चढून गेल्या की जिन्यालाही कळलं नसेल. वरून विचारलं, "मालक कुठे आहेत?" ताई म्हणाल्या, "मालक खालीच असतात, पुस्तकात तसं लिहिलंय." बाईंना काही उमगलं नाही. खाली आल्या.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बाई, तुमच्या पुस्तकासारखं पुस्तक माझ्या हातून आजवर बांधून गेलं नाही. मी नुसतं वाचत नाही, पाळतो."

बाईंचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "अरे वा! लेखकाला आणखी काय हवं? काय काय पाळता?"

मी बोटांवर मोजत सांगायला लागलो. जिना बंद केला, ठोके वाचवतो. रोज लसूण खातो. सडपातळ आहे म्हणून निर्धास्त असतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्या. छातीत जड झालं की ढेकर देतो. मी एकेक सांगत होतो आणि बाई एकेक पाऊल मागे जात होत्या. शेवटी मागे फर्म्यांचा गठ्ठा होता त्यावर मटकन बसल्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. पाचवा फर्मा, उजवीकडचं पान."

त्यांनी पिशवीतून वेष्टन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यावर ठसठशीत अक्षरात पुस्तकाचं नाव होतं: हृदयाविषयी आपले लाडके गैरसमज.

अगं, मी ते नाव तीनदा वाचलं. डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. बाई म्हणाल्या, "अहो, पहिल्या भागात मी लोक काय समजतात ते त्यांच्याच तोंडून मांडलंय, मध्ये कुठेही न अडवता. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, हे तर माझंच मत! आणि दुसऱ्या भागात एकेकाचा समाचार घेतलाय."

"दुसरा भाग अजून छापखान्यात आहे."

"मग प्रस्तावना? प्रस्तावनेत पहिल्याच ओळीत सांगितलंय की पहिल्या भागातलं काहीही करू नका!"

मी म्हटलं, "बाई, प्रस्तावना सगळ्यात शेवटी छापतात. ती आली की मी ती पहिल्या फर्म्याच्या आधी लावतो. आमच्या धंद्यात असंच असतं."

यावर वरून जो आवाज आला तो शिवणाच्या ताईंचा होता. त्या जिन्याच्या कठड्याला धरून हसत होत्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणारे मी पुष्कळ पाहिले, पण इथे तर मी हळकुंडाचा कागद चाटून पिवळा झालो. लेखिकाबाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारायला लागल्या. जड वाटतं ते केव्हा? जिना चढताना? धावताना? थांबलं की जातं? डाव्या हातात येतं? मी म्हटलं, बाई, गॅस आहे तो. तर म्हणाल्या, "गॅसला तुम्ही जिना चढताय की खुर्चीत बसलाय हे कळत नाही हो. हृदयाला कळतं."

तू मला हेच तर सांगत होतीस, फक्त तुझ्या शब्दांत प्राणी जास्त होते.

बाईंनी समोर बसवून मला गोळी घ्यायला लावली. मोठ्या दवाखान्यातल्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी याच आठवड्यात बोलावलंय. बसल्या जागी दुखलं तर एक मिनिट न थांबता तडक निघा, असं ताईंनाही बजावून गेल्या. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "घरी कोण असतं?" मी म्हटलं, बायको असते. असते म्हटलं. होती म्हणायला धजलो नाही.

तुझा,
गैरसमजांत सापडलेला

८ फेब्रुवारी

प्रिय,

उरलेले फर्मे आले. प्रस्तावनाही आली. पहिलीच ओळ तशीच आहे, बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

एक गंमत आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. बाईंनी ठरवलं की माझ्यासारखा दुसरा कुणी निघू नये म्हणून पहिल्या भागाच्या सुरुवातीला एक पट्टी चिकटवायची: "हा भाग वाचून कोणतंही औषध सुरू किंवा बंद करू नये." त्या पट्ट्या छापून आल्या आणि खळ लावून प्रत्येक प्रतीत चिकटवतो कोण? मीच. माझ्या मूर्खपणाची पाटी मी स्वतःच्या हाताने हजार वेळा लावतोय. ताई पट्टी पुढे करताना दर वेळी "हं, घ्या, तुमचीच" असं म्हणतात.

आता खरं. मी परवा दवाखान्यात गेलो होतो. घरातून निघालो, बसमध्ये बसलो, उतरलो, फाटकाशी गेलो. आणि परत आलो. आत पाऊल टाकलं नाही. ताईंना सांगितलं की आज गर्दी होती. गर्दी नव्हती. फाटकात फक्त एक पहारेकरी होता आणि तो पेरू खात होता.

बाबांचं तुला माहीत आहे, पण तुझ्या माहितीत जे आहे ते आईने सांगितलेलं. मी कधी बोललो नाही. बाबा तेव्हा माझ्या आत्ताच्याच वयाचे होते. छातीत दुखतं म्हणून तपासायला गेले, स्वतःच्या पायांनी. मी सोबत गेलो होतो. फाटकाशी मला म्हणाले, "तू इथेच थांब, लगेच येतो." मी थांबलो. संध्याकाळपर्यंत थांबलो. मग काका आले आणि मला उचलून घरी घेऊन गेले. मी काही इतका लहान नव्हतो की मला उचलावं लागावं, पण त्यांनी उचललं, त्यावरूनच मला कळलं.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागात बाईंनी यावरच एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्या काळी डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. झोपवून ठेवायचे आणि वाट बघायचे. आता मनगटातून केसाएवढी बारीक तार आत जाते, पडद्यावर नळ्या दिसतात, कुठे अडलंय ते कळतं, आणि अडलं असेल तर तिथल्या तिथे जाळीची छोटी नळी बसवून वाट मोकळी करता येते. माणूस जागा असतो आणि डॉक्टरांशी बोलत असतो. चित्रंसुद्धा आहेत. ती घडी मी फार हळू घातली. डोक्याला सगळं पटतं. पायांनी मात्र पुस्तक वाचलेलं नाही.

मला भीती वाटते. हे मी आजवर कुणाला म्हटलं नाही. तुलाही नाही. तपासणी टाळत होतो ती आलेखावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, विश्वास होता म्हणून. लसूण काय, ठोके काय, ढेकर काय, फाटकाच्या आत जावं लागणार नाही असं कुणी छापून दिलं असतं तर मी दगडही चावून खाल्ला असता.

तुझी अट बरोबर आहे. ती मागे घे असं मी म्हणत नाही. पण मला ती एकट्याने पूर्ण करता येत नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसती ये.

तुझा

१२ फेब्रुवारी
मोठा दवाखाना, दुसरा मजला, तुझ्या शेजारच्या खुर्चीवरून

प्रिय बायको,

तू डावीकडे बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. समोरच्या बाकावरचे काका माझ्याकडे बघून हसताहेत. हसू देत. तू सकाळच्या पहिल्या बसने आलीस, दार उघडून सरळ आत शिरलीस, पातेल्यात चिकटलेला भात बघितलास आणि "चला" एवढंच म्हणालीस. मग बसमध्ये एक शब्द नाही. फाटकाशी मी थबकलो तेव्हा बोललीस असं वाटलं, पण नाही. माझ्या शर्टाची बाही धरलीस आणि ओढलीस. मी बाबांचा फोटो बघावा तसा त्या पहारेकऱ्याकडे बघत बघत आत आलो. त्याने तुला सलाम ठोकला, मला नाही.

इथे आल्यापासून तू नर्सशी बोललीस, त्या काकांशी बोललीस, झाडू मारणाऱ्या बाईंना त्यांच्या मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारलंस. फक्त माझ्याशी बोलत नाहीस. मघाशी नर्सने "पेशंटला काही त्रास?" असं विचारलं तर मी तोंड उघडायच्या आत तू सगळं सांगितलंस. जिना, टेबल, बस, डावा हात, सगळं. मी पत्रात जे जे लपवलं होतं ते तुला ओळीने पाठ होतं. पिशवी रिकामी होती हेसुद्धा! मग मी एवढा कागद कशासाठी खर्च केला?

लेखिकाबाई मघाशी येऊन गेल्या. माझ्या खांद्यावर थाप मारली, तुझ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि तुम्ही दोघी हसलात. मला विचारायचंय की काय बोललात, पण माझ्याशी बोलायचं नाही असं ठरलंय ना.

काही कामाच्या गोष्टी. पुस्तकं परवापर्यंत द्यायची आहेत, ताईंना सगळं माहीत आहे. त्या पट्ट्या तेवढ्या सरळ चिकटवा म्हणावं. साडूंना सांग, अंथरूण आत आणायला हरकत नाही, तशी परवानगी मी तुझ्या बहिणीकडून मिळवलीय.

आणि आणखी एक. मला अजूनही भीती वाटते. पण फाटक मागे राहिलं, आणि ते मागे टाकताना बाही तुझ्या हातात होती. आत काहीही झालं तरी हे झालंच. तुला हे तोंडाने सांगता आलं असतं, पण तुझा नियम आहे की लिहून कळवा, म्हणून लिहून कळवतो. आणि आत जायच्या आधी मला

नर्सने हाक मारली. हा कागद तुझ्या हातात देतोय.

(त्याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात)

वाचलं. अर्धं वाक्य बाहेर येऊन पुरं करा. चष्मा आणि घड्याळ इकडे द्या. आत डॉक्टरांना काही शिकवू नका. मी इथून हलत नाही.